चाकावर न मेलेली संत कॅथरीन

जुन्या गोव्यातले से कॅथेड्रल म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचे चर्च, असे समजणारे पुष्कळ आहेत. झेवियरचे शव असते रस्त्यापलीकडच्या बॉम जेझुस बॅसिलिकेत. शवप्रदर्शनाच्या काळात तेवढे ते इकडे आणतात. से कॅथेड्रल आहे अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचे. तिचा गोव्याशी संबंध जुळला तो एका तारखेमुळे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आदिलशाहीकडून हे शहर घेतले तो दिवस, २५ नोव्हेंबर १५१०, तिच्या फेस्ताचा होता. त्याने तिच्या नावाने चॅपेल बांधले, १५३४ मध्ये पोपने त्याला कॅथेड्रलचा दर्जा दिला आणि पुढे उभ्या राहिलेल्या भव्य वास्तूलाही तेच नाव लाभले.

चित्रांत तिच्याशेजारी दाते लावलेले चाक दिसते, म्हणून तिला चाकावर मारले असा सर्रास समज होतो. कथा वेगळे सांगते. अठरा वर्षांच्या या ख्रिस्ती विदुषीने सम्राटाने बोलावलेल्या पन्नास तत्त्वज्ञांना वादात हरवले. चिडलेल्या सम्राटाने चाकाची शिक्षा फर्मावली, पण तिचा स्पर्श होताच चाक मोडले आणि शेवटी तिचा शिरच्छेद झाला. म्हणूनच अनेक चित्रांत ते चाक तुटलेले असते आणि तिच्या हाती तलवार असते. तिला मिळालेले मानही या कथेतूनच आले. वादविवादामुळे ती तत्त्वज्ञांची आणि विद्यार्थ्यांची आश्रयदाती झाली, चाकामुळे चाके बनवणाऱ्यांची, सूत कातणाऱ्यांची, गिरणीवाल्यांची आणि कौमार्यव्रतामुळे अविवाहित मुलींची. पॅरिसमध्ये पंचविशी गाठलेल्या अविवाहित तरुणी तिच्या दिवशी हिरव्या-पिवळ्या टोप्या घालत, ती प्रथाही यातूनच आली.

पण ही बाई खरोखर होऊन गेली का? माझ्या मते पुरावा फार तोकडा आहे. कथेनुसार तिचा मृत्यू चौथ्या शतकाच्या आरंभीचा. त्याच काळातला इतिहासकार युसेबियस अलेक्झांड्रियाच्या एका सुशिक्षित, श्रीमंत ख्रिस्ती स्त्रीबद्दल लिहितो, पण तिचे नाव देत नाही. शिवाय त्याच्या हकिकतीत सम्राट तिला ठार न करता हद्दपार करतो. देवदूतांनी कॅथरीनचे शव सिनाई पर्वतावर नेले म्हणतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस तिथे जाऊन आलेल्या एगेरिया या यात्रेकरू स्त्रीच्या सविस्तर वर्णनात मात्र तिचा उल्लेखच नाही. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने तिथे मठ उभारला, त्याला कॅथरीनचे नाव मिळाले ते बऱ्याच नंतर.

यावर कोणी म्हणेल, उल्लेख नाही म्हणजे व्यक्तीच नव्हती असे ठरत नाही. ते खरे आहे. ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या त्या काळात कितीतरी हुतात्म्यांची नावे पुसली गेली. पण म्हणून पाच-सहा शतकांनंतर लिहिलेले तपशील इतिहास ठरत नाहीत. दुसऱ्या टोकाचा दावा असा की, कॅथरीन म्हणजे ४१५ मध्ये ख्रिस्ती जमावाने मारलेली गणितज्ञ हायपेशियाच. शहर एक, दोघीही विदुषी, हे साम्य लक्ष वेधते. तरी एका कथेतून दुसरी उगवली हे दाखवणारा दुवा सापडलेला नाही आणि साम्याला पुरावा म्हणता येत नाही.

चर्चने १९६९ मध्ये तिचे संतपद काढून घेतले, हेही चुकीचे. त्या वर्षी रोमन कॅथलिक पंचांगातून तिचा स्मृतिदिन वगळला गेला. संतांच्या यादीतून तिचे नाव गेले नव्हते. २००२ मध्ये २५ नोव्हेंबर हा तिचा दिवस ऐच्छिक स्मृतिदिन म्हणून पंचांगात परत आला. से कॅथेड्रलच्या मुख्य वेदीमागच्या सोनेरी कोरीव पटांवर तिच्या कथेतले प्रसंग आहेत आणि त्यांना ही वगळावगळ कधी लागू झालीच नाही.