चाळीस मशीन, एक प्रोग्रॅम: थ्रेड की आणखी काही?

आजचा विषय थेट वाळूज एमआयडीसीतून. 1985 साली इथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आजूबाजूला सुटे भाग बनवणारी युनिटं वाढली. अशाच एका युनिटसाठी मी पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहीत होतो. 40 सीएनसी मशीनना 'किती पार्ट झाले?' असं विचारायचं आणि आकडा स्क्रीनवर दाखवायचा. बस्स.

पहिल्यांदा एकामागून एक विचारलं. एका उत्तराला अर्धा सेकंद, म्हणजे पूर्ण फेरीला 20 सेकंद. त्यात एखादं मशीन बंद असलं की सगळी रांग तिथेच अडकणार. गंमत म्हणजे या वेळात प्रोसेसर जवळजवळ रिकामाच बसलेला. नुसती वाट बघतोय!

मग प्रत्येक मशीनला एक थ्रेड दिला. फेरी सेकंदाच्या आसपास आली, मी खूश. पण संध्याकाळी सुपरवायझरच्या वहीत पार्ट जास्त आणि स्क्रीनवर कमी. दोन दिवस मी नेटवर्कला शिव्या घातल्या. चूक माझीच होती. प्रत्येक थ्रेड डेटाबेसमधून एकूण आकडा वाचायचा, त्यात भर घालायचा, परत लिहायचा. दोघांनी एकाच वेळी 499 वाचलं, दोघांनीही 500 लिहिलं. पार्ट दोन झाले, मोजला एक. आणि रिपोर्टमध्ये पार्ट कमी दिसले की ओरडा कोणाला? ऑपरेटरला! शेवटी वाचण्यापासून लिहिण्यापर्यंतच्या कामाला लॉक लावला, तेव्हा हिशोब जुळला.

आता तुम्ही म्हणाल, असिंक का नाही वापरलं? एकच ऑपरेटर तीन मशीन सांभाळतो, एकावर जॉब लावून दुसऱ्याकडे वळतो, तसं ते असतं. हजारो कनेक्शन असतील तर मी तेच घेईन. पण तो ऑपरेटर एका मशीनपाशी खिळला की बाकीची दोन्ही थांबतात. मशीनशी बोलणारी आमची लायब्ररी जुनी, उत्तर येईपर्यंत हलायचीच नाही. 40 साठी थ्रेडच बरे.

पुढे मालक म्हणाले, "कॅमेऱ्याने पार्ट पास-फेलही करा." इथे वाट बघणं नाही, नुसती आकडेमोड. नेहमीच्या पायथॉनमध्ये जीआयएल नावाचं कुलूप असतं, त्यामुळे पायथॉनचा कोड एका वेळी एकच थ्रेड चालवतो. 2025 च्या 3.14 मध्ये बिनकुलपाची आवृत्ती अधिकृतपणे आलीये, पण ती वेगळी बसवावी लागते. म्हणून कॅमेऱ्याला स्वतंत्र प्रोसेस दिली. तिची मेमरी वेगळी, ती फक्त निकाल पाठवते. आकडा लिहायचं काम अजूनही त्या लॉकमधूनच होतं.