ब्रेक आधी, हंगाम मागून

माहेरी गेले की वहिनीच्या हातचा चहा आणि दादाच्या हार्वेस्टरचं कौतुक, या दोन गोष्टी चुकत नाहीत. मशीन जुनंच, दुसऱ्याकडून घेतलेलं. पण गव्हाच्या हंगामात घराला त्याचाच आधार. गेल्या फाल्गुनात मात्र वहिनी गप्प गप्प. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "वन्सं, ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही. दुरुस्ती हंगाम संपल्यावर करू म्हणतात. तुम्ही तरी सांगा यांना!"

दादाचं उत्तर तयार होतं, "अगं, शेतात कुठं लागतो ब्रेक?" शेतात मशीन गोगलगायीसारखं चालतं, हे खरं. पण शेतापर्यंत जायचं ते गावातल्या उतारावरून, शाळेसमोरून. हार्वेस्टर दिसलं की पोरं मागं धावतात, हे आपल्याला का नवीन आहे? कित्येक टनांचं ते धूड, टाकीत धान्य असलं की आणखी जड. दादा निरुत्तर झाला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. मशीन सपाट जागी लावलं, इंजिन बंद केलं, पुढचा कापणीचा भाग जमिनीवर टेकवला, चाकांना ठोकळे लावले. मास्टर सिलिंडरमधलं रबर झिजून ब्रेक ऑइल झिरपत होतं, नळीत हवा शिरली होती. म्हणून पायडल मऊ लागत होतं. नवीन रबर बसलं आणि हवा काढायला माणूस हवा होता. दादा सामान आणायला गेलेला. वहिनीनं पदर खोचला आणि चढली की सीटवर!

"दाबा... धरून ठेवा!" मिस्त्री चाकाजवळची बारीक चावी सैल करायचे, बुडबुडे येत तेल बाहेर पडायचं. चावी घट्ट झाली की, "आता सोडा." बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मधेमधे वरच्या डबीत तेल भरायचं, नाहीतर पुन्हा हवा शिरते. आणि तेल कुठलंही चालत नाही बरं का! मशीनच्या पुस्तकात सांगितलेलंच हवं. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल गेलं तर रबर फुगून बाद होतं.

आणखी एक गोष्ट कळली. या मशीनला डाव्या-उजव्या चाकाची वेगवेगळी दोन ब्रेक पायडलं असतात. शेतात पटकन वळायला एकच दाबतात. पण रस्त्यावर येताना दोन्ही कडीनं जोडायलाच हवीत. कडी विसरली आणि एकच दाबलं गेलं, तर मशीन एका बाजूला ओढलं जातं.

मिस्त्रींनी चाकातली धूळही फुंकली नाही, ओल्या फडक्यानं पुसली. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ छातीला घातक. मैत्रिणींनो, ते कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका, घरात झटकूही नका.

शेवटी मोकळ्या रानात, पायडलं जोडून, हळू चालवून पाहिलं. पहिल्याच दाबाला मशीन सरळ उभं राहिलं.

घराचा हिशेब आपल्या वहीत असतो. डिझेल, मजुरी, हप्ता सगळं आपण लिहितो. त्यात 'ब्रेक' अशी एक ओळ हंगामाआधीच लिहून ठेवा. वहिनीनं यंदा ती सगळ्यात वर लिहिली आहे.