गुडघे का दुखतात?

आपल्या सोयगाव भागात कपाशीची निंदणी आटोपली की वेचणी येते. आधी तासन्‌तास उकिडवं बसायचं, मग कापसाचं गाठोडं घेऊन बांधावरून चालायचं. रात्री गुडघे ठणकले की आपण म्हणतो, "वय झालं." पण वय हे एकच कारण नसतं.

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड भेटतात. त्यांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, म्हणून हाड हाडावर घासत नाही. वाढतं वय, जास्त वजन, जुना मार, वर्षानुवर्षं उकिडवं बसणं यांमुळे हा थर झिजतो. पाळी गेल्यानंतर बायकांना हा त्रास जास्त होतो. यात चालताना, पायऱ्या उतरताना दुखतं आणि बसलं की बरं वाटतं. सकाळी गुडघा आखडला तरी अर्ध्या तासात मोकळा होतो.

आमवात वेगळा. त्यात सकाळी तासभर सांधे आखडलेले राहतात, बोटं आणि मनगटंही सुजतात. तो तरुण बाईलाही होतो. औषध लवकर सुरू केलं तर सांधे वाकडे होणं टाळता येतं. चिकनगुनियानंतरही काहींचे सांधे महिनोन्‌महिने दुखतात.

झीज भरून येत नाही, पण दुखणं कमी करता येतं. भांडी घासताना, भाजी निवडताना पाट किंवा स्टूल घ्या. एका मोठ्या गाठोड्याऐवजी दोन खेपा करा. वजन जास्त असेल तर 1 किलो कमी झालं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने उतरतो.

मांडी बळकट असेल तर गुडघ्याला आधार मिळतो. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करा, 5 अंक मोजा, खाली घ्या. प्रत्येक पायाने 10 वेळा, दिवसातून दोनदा. दुखणं वाढलं तर थांबा.

दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी रोज घेऊ नका. तिने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. बीपी, शुगर असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड असू शकतं.

गुडघा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जा. मोठी तपासणी लागलीच, तर छत्रपती संभाजीनगरला घाटी आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी हा व्यायाम सगळ्याजणी मिळून करा. कोणाला आता खाली बसवत नाही, तेही विचारा. त्या मावशीला दवाखान्यात न्यायला सोबत एकजण तरी जा.