गिटारची तार एवढी महाग का?

गिटारच्या सहा तारांचा साधा सेट २००-३०० रुपयांना मिळतो. कोटिंग केलेला चांगला सेट १५००च्या आसपास जातो. दिसायला दोन्ही सारखेच. आमच्या उटनूरच्या चर्चमध्ये गायनवृंदाच्या पैशांतून तारा घ्यायची वेळ आली की यावर दरवेळी वाद होतो. वर्गणी मुलामुलींचीच असते, त्यामुळे "नुसत्या नावाचे पैसे कशाला द्यायचे?" हा प्रश्न काही चुकीचा नाही. नावाचे पैसे असतातच, आयातीचेही असतात. पण सगळी किंमत तेवढ्याने भरत नाही.

धातूचा वाटा त्यात फारच थोडा. अख्खा सेट तळहातावर ठेवला तरी वजन जाणवत नाही. आणि ज्याला 'एटी-ट्वेंटी ब्राँझ' म्हणतात त्यात ८० टक्के तांबं, २० टक्के जस्त, म्हणजे ते चक्क पितळ! फॉस्फर ब्राँझमध्ये जस्ताऐवजी कथील असतं. डॅडॅरिओ कंपनीने १९७४ मध्ये त्याच्या तारा आणल्या आणि आज ॲकॉस्टिक गिटारवर त्याच जास्त दिसतात.

खरी मेहनत जाड तारांत आहे. सगळ्यात बारीक 'ई' तार साधारण ०.३ मिलीमीटर जाडीची. सगळ्यात जाड 'ई' तिच्यापेक्षा दोन सप्तकं खाली, म्हणजे तिची कंपनं एक चतुर्थांश. लांबी आणि ताण तोच ठेवून हे नुसत्या पोलादी तारेने साधायचं तर जाडी चौपट, सव्वा मिलीमीटरच्या घरात न्यावी लागेल. ती तार राहणार नाही, सळई होईल. ती नीट वाकत नाही, त्यामुळे तिचे वरचे उपस्वर चढे लागतात आणि आवाज बेसूर येतो. तंबोऱ्यात खर्जासाठी पितळेची जाड तार लावतात. पितळ पोलादापेक्षा जड आणि मऊ, शिवाय तिथे ताणही कमी. गिटारच्या सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या पुढे जातो, तिथे हा उपाय चालत नाही.

म्हणून मधे बारीक पोलादी गाभा ठेवून त्यावर ब्राँझची तार गुंडाळतात. वजन वाढतं, पण वाकणं गाभ्याच्या हातात राहतं. हे वेटोळं कुठे सैल बसलं की तार लावतानाच मेलेली वाटते. ते घसरू नये म्हणून बहुतेक गाभे षटकोनी असतात. तारेची जाडी टोकापासून टोकापर्यंत एकसारखी नसेल तर मोकळी तार सुरात आणि पाचव्या फ्रेटवर दाबली की बेसूर, असं होतं. खुंटी पिळून ते सुधारत नाही. स्वस्त सेटमध्ये हा अनुभव बऱ्याच जणांनी घेतला असेल.

इथपर्यंतचा फरक ६००-७००च्या सेटपर्यंत समजतो. त्यावरचे पैसे मुख्यतः कोटिंगचे. वेटोळ्यांच्या फटींत घाम, मेलेली त्वचा, धूळ भरते. वजन कुठे कमी कुठे जास्त होतं, आणि नव्या तारेची ती लख्ख झणझण आठवडाभरात बसते. गोअर या अमेरिकन कंपनीकडे यावर उपाय आधीपासूनच होता. बॉब गोअर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन ताणून एक सच्छिद्र पापुद्रा तयार केला होता. रेनकोटांचं गोअर-टेक्स त्याचंच. तिथल्या लोकांनी तो सायकलच्या केबलवर वापरून पाहिला, आणि त्यातून पुढे १९९०च्या दशकात 'एलिक्सर' तारा आल्या. त्यांत पापुद्रा पूर्ण तारेवर, फटींवरूनच जातो. दुसरी पद्धत म्हणजे गुंडाळायच्या तारेलाच आधी लेप देणं. लेप जाड झाला तर आवाज दबतो, पातळ झाला तर लवकर झिजतो. या दोन्हींच्या मधलं माप सापडवणं आणि ते प्रत्येक सेटमध्ये सारखं ठेवणं, याचे आपण पैसे देतो.

मग घ्यायच्या का? आमच्याकडे एकच गिटार तीन-चार हातांत फिरते. पावसाळ्यात साधा सेट महिन्यात बसला, कोटिंगवाला चार महिने चालला. २५०चे चार सेट म्हणजे १००० रुपये, तेव्हा नुसत्या हिशोबात स्वस्तच जिंकतो! पण उटनूरहून आदिलाबाद पन्नासेक किलोमीटर. दर महिन्याला तारांसाठी कुणीतरी जायचं, किंवा कुरिअरची वाट बघायची, आणि तोवर रविवारची मिस्सा मेलेल्या तारांवर, हे धरलं की हिशोब बदलतो. ज्याचं दुकान गल्लीत आहे आणि जो एकटाच वाजवतो, त्याने १५०० घालू नयेत असं माझं मत. मधला फॉस्फर ब्राँझ सेट घ्यावा आणि वाजवून झालं की सुती कापडाने तारा खालून-वरून पुसाव्यात.

आणि पहिली 'ई' तुटली म्हणून अख्खा सेट बदलू नका. ती सुटी मिळते. तिच्यावर वेटोळं नसतंच, त्यामुळे महाग-स्वस्तातला फरकही तिच्यात सगळ्यात कमी. आम्ही आता त्या दोन जास्तीच्या गिटारच्या कव्हरमध्येच ठेवतो.