परवाना हाती, विमा कोठे?

विठ्ठलवाडी हे कल्याण आणि उल्हासनगर यांच्यामधले छोटेसे रेल्वे स्थानक. येथून लोकलने कचेरी गाठण्यात ज्यांची हयात गेली, अशी मध्यमवर्गीय माणसे निवृत्तीनंतर मुलांकडे न्यू जर्सीला किंवा लंडनला चार-सहा महिने राहून येतात. जाण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला की आपण निर्धास्त झालो, अशी त्यांच्यापैकी अनेकांची समजूत असते. ती अपुरी आहे.

१९४९ च्या जिनिव्हा करारातून आलेला हा परवाना मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो. तो चालकाची पात्रता सांगतो. अपघाताची भरपाई कोण करील, हे सांगत नाही. येथील मोटारीचा विमाही तेथे निरुपयोगी. जादा हप्ता भरून त्याची हद्द वाढविता येते, पण ती नेपाळ, भूतान, श्रीलंका अशा शेजाऱ्यांपुरतीच.

ब्रिटनमध्ये विमापत्रात सामान्यतः चालकांची नावे नोंदलेली असतात. मुलाची मोटार वडिलांनी चालवायची तर त्यांचे नाव तीत घालावे लागते, अथवा काही दिवसांचा तात्पुरता विमा घ्यावा लागतो. अमेरिकेत मालकाच्या परवानगीने चालविणाऱ्यास बहुधा त्याच विम्याचे संरक्षण मिळते. परंतु राज्याराज्यांचे नियम आणि विमापत्रांतील अपवाद निरनिराळे. भाड्याच्या मोटारीवरील नुकसानमाफी त्या मोटारीपुरतीच असते. जखमी पादचाऱ्याचा तीत विचार नसतो.

येथेच खरा प्रश्न आहे. वाहन चालविण्याचा लाभ एकाचा, हानी मात्र रस्त्यावरच्या तिऱ्हाइताची. ही हानी ज्याची त्याच्या पदरी घालणे, हेच सक्तीच्या विम्यामागील अर्थशास्त्र. ब्रिटनने ते १९३० च्या कायद्याने स्वीकारले. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही तेच तत्त्व आहे.

त्यात सवयीची भर. पोर्तुगालने १९२८ साली वाहतूक उजवीकडे वळविली, तरी गोवा शेजाऱ्यांप्रमाणे डावीकडेच राहिला. देशाला शेजार पाहून नियम ठरविता येतो. साठीच्या माणसाला हाडीमासी खिळलेली सवय महिन्याभरात मोडता येत नाही. अमेरिकेत मोकळ्या रस्त्यावर पहिले वळण घेताना हात नकळत डावीकडे वळतो.

परवाना देणाऱ्या कार्यालयाने सोबत मराठीतून एक पानाचे माहितीपत्रक दिले, तर खर्च नगण्य आणि उपकार मोठा. तोवर किल्ली हाती घेण्यापूर्वी, "या विम्यात मी येतो का?" एवढे मुलाला विचारण्यात संकोच कसला? भविष्यनिर्वाह निधीतून उरलेली आयुष्याची पुंजी एका चुकीच्या वळणावर जाऊ शकते. आणि ज्याला धडक बसली, त्याच्या घरचा विचार तर त्याहूनही आधी करावयास हवा.