मांजर काय खातं, आणि घाबरायचं कशाला

मांजर अंगणातली हराळी चघळताना दिसलं, की घरातलं जाणतं माणूस सांगून मोकळं होतं: याचं पोट बिघडलंय, आता ओकणार. पण बहुतेक मांजरं धडधाकट असतानाच गवत खातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हजारावर मांजरपाळकांना विचारून २०१९ मध्ये याचे निष्कर्ष मांडले. गवत खाण्याआधी मांजर आजारी वाटत होतं, असं सांगणारे जेमतेम दहात एक निघाले. खाल्ल्यावर वारंवार ओकणारी मांजरं साधारण चारात एक. पोटातले जंत बाहेर काढायची ही रानमांजरांपासून चालत आलेली खोड असावी, असा त्यांचा तर्क आहे. तेव्हा खाऊ द्यावं. धानाच्या बांधावरचं गवत मात्र नको, तिथं तणनाशक मारलेलं असू शकतं.

आपलं लक्ष बहुधा चुकीच्या ठिकाणी असतं. गवत बघून घर हबकतं आणि दोऱ्याशी खेळणाऱ्या मांजराचा व्हिडिओ काढतं. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखलं जातं. तिथंच कशाला, कुठल्याही शिलाई मशीनखाली दोऱ्याचे तुकडे पडलेलेच असतात, आणि संक्रांतीला मांजा. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही; तो आतच सरकतो. एक टोक जिभेखाली अडकतं, बाकीचा दोरा आतड्यात उतरतो, आणि परकराच्या नेफ्यात नाडी ओढावी तसं आतडं त्यावर गोळा होतं. शेवटी ते आतून कापलं जातं. शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला, तर ओढू नये, कापूही नये. तसंच मांजर उचलून डॉक्टरांकडे न्यावं. नुसत्या दोऱ्यापेक्षा सुई ओवलेला दोरा जास्त वाईट.

‘मांजराला दूधभात पुरतो’ ही समजूत तर घरोघरी आहे. पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवायची त्याची ताकद घटत जाते, म्हणून दूध पिऊन बरीच मांजरं हगवणीनं हैराण होतात. भाताने पोट भरतं, पण मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये कळलं. हृदय फुगून कमकुवत होतं, हे १९८७ मध्ये. दूधभातावरचं मांजर वर्षानुवर्षं जगतं, असं कुणी म्हणेल. जगतं, कारण बाहेर जाऊन ते उंदीर-पाखरं मारून आपली सोय लावतं. दार बंद ठेवून पाळलेल्या मांजराला ही मुभा नसते.

भंडारा तलावांचा जिल्हा, त्यामुळे मासळीची ददात नाही. ‘कच्ची मासोळी म्हणजे मांजराचं पक्वान्न’ हे अर्धंच खरं. कार्पच्या कुळातल्या बऱ्याच माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकणारा पदार्थ असतो. रोज तेच कच्चं खाल्लं, तर मांजर झोकांड्या खातं, हनुवटी छातीला टेकते, झटके येतात. शिजवल्यावर तो पदार्थ निकामी होतो. काटे काढून द्यावेत. उकळलेलं पाणी फेकू नये, टॉरिन त्यात उतरतं.

कच्च्या कोंबडीबद्दल आता जास्तच जपायला हवं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि संशय कच्च्या कोंबडीवर गेला. पाठोपाठ शेजारच्या छिंदवाड्यात घरच्या मांजरांमध्येही तोच विषाणू सापडला. मांस नीट शिजवलं की तो मरतो.

माती चाटणं, भिंतीचा चुना खरवडणं याला लोक ‘खोड’ म्हणतात. मोठ्या मांजरानं हे नव्यानं सुरू केलं असेल, तर आधी हिरड्या बघाव्यात. गुलाबीऐवजी पांढुरक्या असतील, तर रक्त कमी असण्याची शक्यता मोठी. पिसवा फार झाल्या तरी पिल्लाचं रक्त आटतं. पण लाळ गळतेय, गिळता येत नाही, भलत्याच वस्तू चावतंय, असं दिसलं तर तोंडात हात घालू नये. रेबीज असू शकतो.

‘दोन दिवस नाही खाल्लं तर काय होतं, उपास घडला.’ माणसाला चालतो. मांजरानं, विशेषतः लठ्ठ मांजरानं, दोन-तीन दिवस अन्न टाकलं की शरीरातली चरबी यकृतात साचू लागते आणि त्यातूनच जीव जाऊ शकतो. बोका जेवत नाही आणि लघवीला पुन्हा पुन्हा बसतोय, पण थेंब पडत नाही, तर सकाळची वाटही पाहू नये.

बाळंत मांजरीनं वार खाल्ली, तर ती रीतच आहे. पिल्लांवर टपलीय असं समजून तिला हाकलू नये.

ताप वाटतो म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देणारेही भेटतात. मांजराच्या यकृताला ती निकामी करता येत नाही. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी जीव घेऊ शकते. घरात किंवा गिरणीत उंदराचं औषध टाकलं असेल आणि मेलेला उंदीर मांजरानं खाल्ला असेल, तर मिठाचं पाणी पाजून ओकवू नये. औषधाचं पाकीट सोबत घेऊन दवाखाना गाठावा. काही औषधांनी तीन-चार दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो आणि त्यावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. झिंक फॉस्फाइडवर नेमका उतारा नाही, तिथं गेलेली मिनिटंच मोजायची. गावात सोय नसेल, तर भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.