मुनीम, वही आणि क्वेरी : फ्रॅपेच्या डेटाबेस थराचा आढावा

वेब फ्रेमवर्कमधली डेटाबेस लायब्ररी राईस मिलमधल्या मुनिमाचे काम करते. मालक नुसते म्हणतो, ‘लाखनीवाल्यांचा हिशेब काढा’. कोणती वही, कोणते पान, कोणती ओळ हे मुनिमाला ठाऊक असते. प्रोग्रामर ‘ही पावती आण’ असे लिहितो, लायब्ररी त्याची एसक्यूएल क्वेरी करते, टेबलातून ओळी आणते आणि त्यांची एकसंध वस्तू करून हातात देते. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये ओळी-रकान्यांचे गणित मांडले. त्या ओळींना कोडमध्ये वस्तूचे रूप देण्याच्या एका पद्धतीला मार्टिन फाउलर यांच्या 2002 च्या पुस्तकातून ‘अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड’ हे नाव रूढ झाले. रेल्स हे वेब फ्रेमवर्क 2004 मध्ये आणि कॅन्ससच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडलेले जँगो 2005 मध्ये खुले झाल्यावर ही सोय जगभरच्या वेब प्रोग्रामरांच्या अंगवळणी पडली.

महाराष्ट्रात याच जातीचे काम मुंबईत झाले. रुशभ मेहता यांनी 2008 मध्ये सुरू केलेल्या कंपनीतून ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचे हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर आणि त्याच्या पायाशी असलेले फ्रॅपे फ्रेमवर्क पुढे आले. दोन्ही खुली आहेत. ईआरपीनेक्स्टला जीपीएल परवाना आहे, फ्रॅपेला एमआयटी. आधी हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि त्याच्या गरजेतून फ्रेमवर्क, असा हा क्रम आहे. त्यामुळे फ्रॅपेच्या डेटाबेस थरावर हिशेबाच्या वहीची छाप आजही दिसते.

फ्रॅपेत टेबल हाताने बनवत नाहीत. ‘डॉकटाइप’ नावाचे वर्णन भरायचे: कोणती खाणी (फील्ड), कोणत्या प्रकारची, कोणती सक्तीची. त्यावरून टेबल, फॉर्म आणि यादी तिन्ही तयार होतात. भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या मिलचा सरकारी धानाच्या भरडाईचा हिशेब घ्या. शंभर क्विंटल धानामागे 67 क्विंटल कच्चा तांदूळ जमा करायचा, हा ठरलेला उतारा. आवक पावतीवर तारीख, केंद्र आणि गाडी क्रमांक एकदाच येतात. खाली प्रत्येक लॉटचे कट्टे, वजन आणि बारदाना वेगळ्या ओळींत. फ्रॅपे याची दोन टेबले करते. दोन्हींच्या नावाआधी ‘टॅब’ हा उपसर्ग लागतो आणि लॉटच्या प्रत्येक ओळीत आपली मूळ पावती कोणती हे नोंदलेले असते. पावतीला एक अवस्था असते: 0 म्हणजे कच्ची, 1 म्हणजे पक्की, 2 म्हणजे रद्द. पक्की पावती खोडता येत नाही. रद्द करून दुरुस्त प्रत काढावी लागते. दोघांनी एकच पावती उघडून ठेवली आणि एकाने आधी जतन केली, तर दुसऱ्याला नकार मिळतो, कारण शेवटच्या बदलाची वेळ जुळत नाही.

इतकी सोय फुकट मिळत नाही. फ्रॅपेत साध्या मजकुराचे खाणे मुळात 140 अक्षरांचे असते. फ्रॅपे सहसा ज्या डेटाबेसवर चालते त्या मारियाडीबीत देवनागरीसह सगळ्या लिप्या मावाव्यात म्हणून जी अक्षरसंहिता वापरतात, तिच्यात एका अक्षराला जास्तीत जास्त 4 बाइट धरले जातात. म्हणजे 140 अक्षरांचे 560 आणि लांबी नोंदवायला 2, एकूण 562 बाइट. एका ओळीची कमाल मर्यादा 65,535 बाइट आहे. भागाकार केला तर अशी 116 खाणी झाली की टेबल भरले. खाण्यात प्रत्यक्षात ‘भंडारा’ एवढे 18 बाइटच असले तरी हिशेब कमाल लांबीनेच होतो. दर हंगामाला नव्या अहवालासाठी दोन-चार खाणी वाढवणाऱ्या मिलला एक दिवस ‘ओळ फार मोठी झाली’ अशी एरर येते आणि सॉफ्टवेअर बिघडले असा समज होतो. उपाय साधे आहेत: लांबी कमी करणे, शेरा-पत्त्यासारखी खाणी मोठ्या मजकुराच्या प्रकारात नेणे, किंवा काही खाणी वेगळ्या डॉकटाइपमध्ये काढणे. मूळ लांबीच बदलणे मात्र देखभाल करणाऱ्यांच्या हातात फारसे उरत नाही, कारण तिच्या भरवशावर असंख्य टेबले उभी आहेत.

पावती क्रमांकाची गोष्ट अधिक रंजक आहे. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचे क्रमांक ओळीने हवेत आणि 16 अक्षरांच्या आत हवेत. फ्रॅपेत यासाठी ‘सिरीज’ नावाचे छोटे टेबल असते, त्यात प्रत्येक मालिकेचा चालू आकडा. नवे बिल करताना ती ओळ कुलूपबंद होते, आकडा एकने वाढतो आणि व्यवहार पूर्ण झाल्यावर कुलूप उघडते. व्यवहार फसला तर आकडाही मागे जातो, त्यामुळे मधला क्रमांक गळत नाही. पण दोन काट्यांवर दोन गाड्या एकदम लागल्या तर दुसऱ्या पावतीला पहिलीची वाट पाहावी लागते. बिल जतन करतानाच ईमेल पाठवणे किंवा बाहेरच्या सेवेशी बोलणे अशी कामे लावली असली तर ते कुलूप तितका वेळ बंद राहते. म्हणून अशी कामे व्यवहार पक्का झाल्यावर मागच्या रांगेत टाकण्याची सोय करावी लागली. जिथे क्रम ओळीने असण्याची गरज नाही तिथे आपोआप वाढणारा क्रमांक किंवा यादृच्छिक ओळख वापरता येते. तिथे आकडे गळतात, पण कुणी अडत नाही.

प्रत्येक नोंदीची ओळख म्हणजे तिचे ‘नेम’, आणि तेच टेबलाची मुख्य किल्ली. सुरुवातीला हे फार सोयीचे वाटते. टेबल उघडले की आकड्यांऐवजी ‘तुमसर’, ‘मोहाडी’, ‘पवनी’ अशी वाचता येणारी नावे दिसतात. अडचण नाव दोनदा आले की सुरू होते. पिंपळगाव महाराष्ट्रात कितीतरी आहेत. लाखनी तालुक्यातले एक ‘पिंपळगाव सडक’ आहे. बुद्रुक, खुर्द, सडक अशी विशेषणे लावून संगणकाच्या कितीतरी आधी लोकांनी हाच प्रश्न सोडवला होता. दुसरी अडचण नाव बदलण्याची. औरंगाबाद जिल्ह्याचे 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. फ्रॅपेत असे नाव बदलायचे तर ते जिथे जिथे जोडलेले आहे त्या प्रत्येक टेबलातली प्रत्येक ओळ बदलावी लागते. लायब्ररी ते स्वतः करते, पण मोठ्या डेटावर हे काम भर दुपारी काढण्यासारखे नाही.

1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, हे तर नावबदलाहून अवघड. तिरोडा तालुका आता गोंदियाशी जोडलेला आहे. मग 1998 ची तिरोड्याची जुनी पावती संगणकात चढवून उघडली तर जिल्हा कोणता दिसावा? जोडणीतून वाचले तर गोंदिया दिसेल आणि तो चूक आहे. त्या दिवशीचे मूल्य हवे असेल तर ते जतन करतानाच पावतीत उतरवून ठेवावे लागते. फ्रॅपेत दोन्ही मार्ग आहेत; कोणता कुठे वापरायचा हा निर्णय लायब्ररी घेऊ शकत नाही, हिशेब जाणणाऱ्यानेच तो घ्यायचा.

लायब्ररी सुधारण्याचे सर्वांत मोठे काम मात्र क्वेरींचे होते. सुरुवातीच्या कोडमध्ये हाताने लिहिलेले एसक्यूएल जागोजागी होते आणि ते मारियाडीबीच्या बोलीत होते. 2019 च्या बाराव्या आवृत्तीत पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा आधार आल्यावर ही बोली अडू लागली. टेबलाच्या नावाभोवतीची अवतरणचिन्हे वेगळी, रिकामे मूल्य हाताळणारी फंक्शने वेगळी, गट करून बेरीज मागताना पोस्टग्रेची शिस्त कडक. रोमन अक्षरांत लिहिलेल्या नावांत कॅपिटल-स्मॉल फरक मारियाडीबी सहसा दुर्लक्षिते, पोस्टग्रे धरते. चिन्हांची अदलाबदल लायब्ररीने वाटेतच करून दिली. बाकीचे दुखणे त्याने भागले नाही. 2021 नंतर पायपिका या लायब्ररीवर आधारलेला क्वेरी बिल्डर रुळला. त्यात क्वेरी मजकूर म्हणून न लिहिता कोडने बांधतात आणि कोणत्या डेटाबेससाठी कोणते एसक्यूएल हे तो ठरवतो. वापरणाऱ्याने टाकलेला मजकूर थेट क्वेरीत चिकटवण्याची धोकादायक सवयही त्याने कमी होते. जुनी हाताने लिहिण्याची वाट बंद केलेली नाही, आणि ते योग्यच. बंद केली असती तर कित्येकांचे अहवाल एका रात्रीत थांबले असते.

वेगाच्या तक्रारींत नेहमीचा गुन्हेगार लूप असतो. पाचशे पावत्यांची यादी एका क्वेरीत येते, मग प्रत्येक पावतीच्या केंद्राचा तालुका आणायला आतून एकेक क्वेरी सुटते: एकूण 501. जोडलेल्या नोंदीचे खाणे त्याच मागणीत मागितले की एकच पुरते. फ्रॅपेच्या ‘रेकॉर्डर’मध्ये एका विनंतीत किती क्वेरी सुटल्या ते मोजता येते, अंदाजाने इंडेक्स लावत बसण्याआधी तो उघडावा.

दोन सारख्या दिसणाऱ्या आज्ञांनी मात्र अजूनही लोक फसतात. यादी मागण्याच्या एका आज्ञेत वापरणाऱ्याचे अधिकार तपासले जातात, दुसरीत जात नाहीत. तसेच खाण्याचे मूल्य थेट डेटाबेसमध्ये लिहिणारी आज्ञा जतन करतानाच्या तपासण्या वगळते. वजन शून्य असलेली पावतीही तिच्यातून निमूट जाते. नावांवरून हा फरक कळत नाही, हा या लायब्ररीचा खरा दोष मानावा लागेल. नावे बदलणेही आता अवघड, कारण ती हजारो ठिकाणी लिहिली गेली आहेत.

आवृत्ती बदलताना ‘मायग्रेट’ ही आज्ञा डॉकटाइपचे वर्णन आणि टेबल यांचा मेळ घालते आणि जुना डेटा नव्या रूपात नेणारे पॅच ठरलेल्या क्रमाने चालवते. चाललेला पॅच नोंदला जातो, पुन्हा चालत नाही. जँगोमध्ये अशी सोय आधी ‘साउथ’ नावाच्या वेगळ्या लायब्ररीत होती. ती मुख्य फ्रेमवर्कमध्ये 2014 मध्ये, 1.7 आवृत्तीत आली. फ्रॅपेची एक जुनी सावध सवय इथे सांगितली पाहिजे. डॉकटाइपमधून खाणे काढले तरी टेबलातला कॉलम आपोआप पुसला जात नाही. वर्षानुवर्षांचे असे निरुपयोगी कॉलम काढायला ‘ट्रिम-टेबल्स’ ही वेगळी आज्ञा आहे. ती चालवण्याआधी ड्राय रन करून यादी वाचावी, आणि ज्या कॉलमची खात्री नाही तो राहू द्यावा.